क्लॉक कमी केला तरी चुका तशाच

बोर्डवरच्या एसपीआय फ्लॅशमधून (क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बिट देणारी मेमरी चिप) वाचताना मधूनच सगळा डेटा एका बिटाने सरकायचा. क्लॉक ५० मेगाहर्ट्झवरून १० वर आणला, तरी तेच. तिथेच ट्यूब पेटायला हवी होती: भानगड वेगाची नाही, एजची, म्हणजे क्लॉक सिग्नल खाली-वर होतो त्या क्षणाची. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावली (ती वायर स्वतःच रिंगिंग, म्हणजे सिग्नलमध्ये नसलेली थरथर दाखवते, त्यात एक दिवस गेला), तेव्हा क्लॉकच्या चढत्या एजवर खाच दिसली: सिग्नल फ्लॅशच्या टोकावर आपटून परत येत होता. फ्लॅश एका एजचे दोन मोजत होती.

क्लॉक देणाऱ्या कंट्रोलरच्या पिनला खेटून क्लॉकचा ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) कापला, सिरीजमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला. परत येणारी लाट तिथेच जिरते. फ्लॅशच्या टोकाला लावून उपयोग नाही. रात्रभर वाचन चालवलं, एकही चूक नाही. फर्मवेअरवाल्याला उगीच बोललो होतो, त्याला चहा पाजला.