रास्पबेरी पायवर लाइट लिनक्स टाकताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या, एकाच बोर्डावरच्या संगणकासाठी लाइट, म्हणजे डेस्कटॉप नसलेले लिनक्स मेमरी कार्डावर लिहिले, वीज दिली, लाल दिवा लागला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी बहुतेक जण तेच कार्ड पुन्हा लिहितात, मग तिसऱ्यांदा लिहितात. इमेज, म्हणजे कार्डावर लिहायची सिस्टिमची तयार फाइल, क्वचितच दोषी असते. घोळ एकतर लिनक्स सुरू व्हायच्या आधीचा असतो, नाहीतर लिनक्स नीट चालू असते आणि आपल्यालाच त्यात शिरता येत नसते. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून कार्ड उपसण्याआधी हिरव्या दिव्याकडे बघा.

हिरवा दिवा वेडावाकडा लुकलुकत असेल तर कार्ड वाचले जात आहे. बोर्डाला दोष देऊ नका. ठरावीक विराम घेऊन ४ वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडलेली नाही, ७ वेळा लुकलुकला तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सापडलेला नाही. पाय ३ वर फक्त लाल दिवा दिसत असेल तर कार्डच वाचले गेलेले नाही, कारण त्याचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, कार्डावरच असतो. पाय ४ आणि ५ मध्ये तो बोर्डावरच्या चिपमध्ये असतो. त्यामुळे कार्ड नसतानाही एचडीएमआय जोडला की स्क्रीनवर निदान दिसते. मात्र केबल यूएसबी-सीच्या शेजारच्या एचडीएमआय पोर्टात लावा.

नावात साम्य, प्रोसेसरात फरक

झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू हे बोर्ड दिसायला जवळपास सारखे. पहिल्याचा प्रोसेसर एआरएम व्ही६ पिढीचा आहे, त्यावर ६४-बिट इमेज कधीच चालणार नाही. डेबियन या मूळ लिनक्सची नेहमीची ३२-बिट (आर्मएचएफ) आवृत्तीही चालत नाही, कारण तिला व्ही७ लागतो. तिथे रास्पबेरी पाय ओएस लाइटची ३२-बिट इमेजच घ्या. झीरो २ डब्ल्यूवर ३२ आणि ६४-बिट दोन्ही चालतात, पण रॅम ५१२ एमबीच आहे. खास कारण नसेल तर तिथेही ३२-बिटच बरी. उलट चूक पाय ५ वर होते. हा बोर्ड २०२३ चा, त्यामुळे जुन्या बोर्डातले बुल्सआय या आधीच्या आवृत्तीचे कार्ड त्यात घातले तर तो सुरू होत नाही. बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी.

चार्जरवरचे वॅट बघू नका

फोनचा ६५ वॅटचा चार्जर आहे म्हणजे वीज भरपूर, हा हिशेब इथे चालत नाही. ते वॅट ९ किंवा २० व्होल्टवरचे असतात. पायला ५ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते महत्त्वाचे. पाय ३ आणि झीरो २ डब्ल्यूला २.५ अँपिअर, पाय ४ ला ३, पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर धरा. पाय ५ ला ३ अँपिअरचा दिला तर तो चालू होतो, पण यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो, आणि मग जोडलेली हार्ड डिस्क मधूनच गायब होते.

त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे बारीक, लांब केबल. बोर्डापर्यंत पोहोचणारा व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला की पाय त्याची नोंद करतो. आत शिरता येत असेल तर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही कमांड चालवा. उत्तर ०एक्स० आले तर वीज ठीक. ०एक्स५०००० म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडला होता, ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही पडलेला आहे. ही तपासणी न करता फाइलसिस्टिम खराब झाल्याचे खापर कार्डावर फोडणे चालूच असते.

कार्ड लिहिताना

इमेजची फाइल कार्डावर कॉपी-पेस्ट करून काही होत नाही, ती इमेजर या प्रोग्रामने लिहावी लागते. ‘डीडी’ (dd) ही लिनक्सची कमांड वापरणारे हमखास एक चूक करतात: पूर्ण कार्डाचे नाव समजा एसडीबी (sdb), आणि ते लिहितात एसडीबी१ (sdb1) वर, म्हणजे कार्डाच्या एका भागात, पार्टिशनमध्ये. लिहिण्याआधी ‘एलएसबीएलके’ (lsblk) या कमांडने आकार बघून कार्ड ओळखा, घाईत लॅपटॉपचीच डिस्क पुसली जाऊ शकते.

लिहून झाल्यावर विंडोज विचारते, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ कॅन्सल करा. दुसरे पार्टिशन लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रकारचे असते, ते विंडोजला वाचता येत नाही, एवढेच. हो म्हटले की केलेले काम गेले.

लिहिलेले पडताळताना वारंवार चूक येत असेल तर कार्ड नकली असण्याची शक्यता मोठी: ६४ जीबी छापलेले, आत ८. ‘एफ३’ या साधनाने आधी पूर्ण भरून आणि वाचून बघा.

चालू आहे, पण आत शिरता येत नाही

इथे जुने व्हिडिओ सगळ्यात जास्त नडतात. ‘पाय’ हा यूजर आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड एप्रिल २०२२ पासून इमेजमध्ये नाही. एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातून आत शिरायची सोय, २०१६ पासून मुळात बंदच असते. बूट पार्टिशनमध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल टाकून वाय-फाय जोडायची युक्ती बुकवर्मपासून चालत नाही, कारण नेटवर्कचा कारभार आता नेटवर्क मॅनेजरकडे आहे. यूजर, पासवर्ड, वाय-फाय आणि एसएसएच हे सगळे इमेजरच्या सेटिंगमध्येच भरा.

तिथे वाय-फायचा देशही निवडा, भारतासाठी ‘आयएन’. देश ठरलेला नसेल तर रेडिओ बंदच राहू शकतो. झीरो २ डब्ल्यू आणि पाय ३ बी फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. फायबरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचेच नाव दिले असेल तर ते कधीच जोडले जाणार नाहीत. नेटवर्कच्या नावातले कॅपिटल आणि स्मॉल अक्षरही जसेच्या तसे लागते.

पहिल्या वेळी सिस्टिम स्वतः पार्टिशन वाढवते आणि रीस्टार्ट होते. पाच मिनिटे थांबा, मध्येच प्लग काढू नका. मग राउटरच्या यादीत आयपी शोधा. त्याच नावाने कार्ड पुन्हा लिहिले असेल तर एसएसएच ‘होस्टची ओळख बदलली’ असा मोठा इशारा देऊन दार लावते. हा हल्ला नव्हे, जुनी किल्ली आपल्या संगणकात उरली आहे. ‘एसएसएच-कीजेन’ला मोठ्या आर चा पर्याय (ssh-keygen -R) आणि पायचा पत्ता देऊन ती काढा.

पहिला अपडेट अडतो तेव्हा

‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असे एपीटी, म्हणजे प्रोग्राम बसवणारे आणि अपडेट करणारे साधन, म्हणाले तर सर्व्हर शोधत बसू नका, ‘डेट’ चालवून तारीख बघा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांना स्वतःचे घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. कॉलेज-ऑफिसच्या नेटवर्कवर वेळ जुळवायला लागणारा यूडीपी पोर्ट १२३ बंद असेल तर वेळ जुळत नाही. तात्पुरती हाताने लावा. अपडेटसाठी एपीटीच वापरा. ‘आरपीआय-अपडेट’ चाचणीतला कर्नल आणि फर्मवेअर आणते, रोजच्या बोर्डावर त्याचे काम नाही.

इतके करूनही पडदा कोरा आणि नेटवर्क गायब असेल तर पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर सीरियल कन्सोल लावा, म्हणजे बोर्डाचे संदेश वायरीतून दुसऱ्या संगणकावर वाचा. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या. ५ व्होल्ट सिग्नलचा लावला तर पिन जळू शकते. पिन ६ ग्राउंडला, पिन ८ अडॅप्टरच्या आरएक्सला (संदेश घेणारी पिन), पिन १० टीएक्सला (पाठवणारी पिन). अडॅप्टरची पॉवरची वायर मोकळीच ठेवा. बूट पार्टिशनमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये (config.txt) ‘एनेबल_यूएआरटी=१’ (enable_uart=1) लिहा, वेग ११५२०० ठेवा. कर्नलचे संदेश दिसू लागतील आणि शेवटची ओळ कुठे अडकली ते सरळ वाचता येईल.