पैठणीचा मोर लेझरवर उतरवायचा तर फाईल अशी तयार करा

पदरावरचा मोर कागदावर छान उतरतो आणि लेझर मशीनने कोरलेल्या घराच्या पाटीवर मात्र पिसाऱ्याच्या जागी काळा डाग दिसतो. अशा वेळी लोक स्पीड आणि पॉवर बदलत बसतात. खरा घोळ बहुतेक वेळा चित्रात आणि फाईलमध्ये असतो.

पाटीवर मोर ८ सेंटीमीटरचा हवा असेल तर कागदावर तो १६ सेंटीमीटरचा काढा. लहान करताना हाताची थरथर निम्मी होते, पण रेषाही निम्म्या होतात. घरगुती डायोड लेझरचा ठिपका साधारण ०.१ मिमीचा असतो आणि एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) शेजारचा भागही थोडा करपतो. म्हणून तयार मापात रेषा ०.३ मिमीपेक्षा बारीक नको आणि दोन रेषांमधली फट ०.५ मिमीपेक्षा कमी नको. कागदावर हेच आकडे दुप्पट धरा. पिसाऱ्यातले सगळे डोळे या हिशेबात बसत नसतील तर चार डोळे कमी काढा, मोर बिघडत नाही.

पेन्सिलीवर काळं ड्रॉइंग पेन फिरवा आणि शाई वाळल्यावर पेन्सिल पूर्ण खोडा. शिशाची चकाकी स्कॅनमध्ये करडी येते आणि रेषा तुटतात. कोपऱ्यात पट्टीने बरोबर २०० मिमीची एक रेघ मारा. चित्र निम्मं केल्यावर ती १०० मिमीची होते आणि पुढे माप तपासायला कामाला येते.

स्कॅन ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांत, पीएनजी फाईल. झेरॉक्सच्या दुकानात हे स्पष्ट सांगा, नाहीतर जेपीजी हातात पडते आणि तिच्यात रेषांच्या कडेला बारीक कचरा असतो. मोबाईलनेच फोटो काढायचा असेल तर ओसरीतल्या सावलीत, कागद सपाट ठेवून, बरोबर वरून काढा.

इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये चित्र निवडून शिफ्ट-ऑल्ट-बी दाबा. इथे ट्रेस होतो, म्हणजे फोटोतल्या रेषांचे मोजता-बदलता येणारे आकार बनतात. ब्राइटनेस कटऑफ ०.४५ पासून सुरू करा. रेषा तुटत असतील तर आकडा वाढवा, फटी बुजत असतील तर कमी करा. ट्रेस झाल्यावर खालचं मूळ चित्र काढून टाका आणि ट्रेस निम्म्या मापाचा करा. मग आकार सोपा करायला कंट्रोल-एल एकदा, फार तर दोनदा. नोड (रेषेवरचे बिंदू) हजारोंनी राहिले तर वळणावर मशीन अडखळतं आणि तिथे जास्त जळतं.

सगळ्यात जास्त फसगत पुढच्या गोष्टीत होते. साध्या ट्रेसमध्ये पेनची रेषा ही रेषा राहत नाही, तिच्या दोन्ही कडा मिळून एक आकार बनतो. लाइटबर्न या लेझर चालवायच्या प्रोग्रॅममध्ये त्याला लाइन मोड (फक्त कडा जाळणारा) दिला की एका रेषेच्या जागी दोन समांतर रेषा जळतात. त्यामुळे जाड भागांना फिल (आतला भाग भरून जाळणारा मोड) द्या. आसावलीच्या वेलीसारखी एकेरी रेषा हवी असेल तर इंकस्केपमधलं सेंटरलाइन ट्रेसिंग वापरा.

पाटीवरचं नाव टाइप केलेलं असेल तर इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ (अक्षराचा आकार करणं), अनग्रुप (आकार सुटे करणं) आणि मग युनियन (एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणं), याच क्रमाने. देवनागरीत शिरोरेघ, काना आणि अक्षर एकमेकांवर चढलेले असतात. युनियन केलं नाही तर फिलमध्ये ती चढलेली जागा कोरी राहते आणि शिरोरेघेवर पांढरे चट्टे दिसतात. अक्षर आरपार कापायचं असेल तर ‘व’, ‘ब’, ‘ठ’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे १ मिमीचे दोन पूल ठेवा.

कोरण्याला काळा रंग, कापण्याला लाल, आणि कापणं शेवटी. आधी कापलं की तुकडा हलतो आणि नक्षी सरकते. इंकस्केपमधून सेव्ह केलेली एसव्हीजी फाईल लाइटबर्नमध्ये उघडल्यावर १०० मिमीची रेघ मोजा. ती ९३.७५ भरली तर फाईल ९० डीपीआयच्या जुन्या इंकस्केपची आहे. मोठी करून घ्या आणि मग ती रेघ पुसा.

पेन्सिलीचं शेडिंग असलेलं चित्र ट्रेस करू नका. तयार मापात २५४ डीपीआयचा ग्रेस्केल फोटो ठेवा, ओळींचं अंतर ०.१ मिमी द्या आणि डिदर मोड (छटा ठिपक्यांनी दाखवणारा) निवडा.

सनबोर्ड आणि रेक्झिन मशीनखाली नकोच. त्यात पीव्हीसी असतं आणि जळताना विषारी, मशीन गंजवणारा वायू निघतो.

आधी पिसाऱ्यातला सर्वात दाट २० मिमीचा तुकडा त्याच फळीच्या टाकाऊ भागावर काढून बघा. खऱ्या कामाच्या वेळी फळी टेपने पक्की चिकटवा आणि सुरुवातीचा कोपरा पेन्सिलीने खुणेचा करून ठेवा. आपल्याकडे वीज मध्येच जाते. खूण असेल आणि फळी जागची हलवली नसेल, तर राहिलेला लेयर (एका रंगाचं काम) त्याच जागी परत चालवता येतो.