हाताने चाकू बनवण्यासाठी व्हाइस निवडताना

चाकू हाताने घडवताना पातं बराच वेळ व्हाइसमध्येच, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणाऱ्या शिकंज्यातच असतं. कानशीने उतार काढणं, टँगच्या (पात्याचा मुठीत जाणारा भाग) कडा सरळ करणं, पॉलिश पेपर मारणं, मूठ घासणं, सगळं तिथेच. यातल्या एकाही कामाला राक्षसी दाब लागत नाही. पातळ आणि निमुळतं पातं हलू नये आणि त्यावर दातांचे वळ उठू नयेत, एवढंच हवं असतं. म्हणून सगळ्यात जड व्हाइसवर नजर जाण्याआधी त्यात काय धरायचं आहे ते ठरवावं.

पट्टी कापून आणि घासून चाकू करणाऱ्याला एक चांगला बेंच व्हाइस पुरतो. जबड्यांची रुंदी 100 ते 125 मिमी असावी. 75 मिमीच्या व्हाइसमध्ये मोठी कानस चालवली की पात्यासकट व्हाइसच डुलतो. 150 मिमीचा चालतो, पण त्याला तोलामोलाचं टेबल लागतं. रुंदी सगळेच बघतात, खोली मात्र बघायची राहून जाते. खोली म्हणजे जबड्याच्या वरच्या कडेपासून खालच्या सरकत्या दांड्यापर्यंतचं अंतर. ती 70 मिमीपेक्षा कमी असली तर रुंद पातं पुरेसं खाली बसत नाही, वर उरलेला भाग कानशीखाली थरथरतो आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. दोष कानशीचा वाटतो, पण असतो पकडीचा.

साधं बीड दाब सोसतं, घाव सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, सरळ तडकतं. डक्टाइल आयर्नचा (सहज न तडकणारं बीड) किंवा घडीव पोलादाचा व्हाइस महाग पडतो, पण अधूनमधून हातोडा चालणार असेल तर तोच घ्यावा. मागच्या बाजूची सपाट जागा ऐरणीसारखी दिसते. तिच्यावर मुठीच्या पिनेचं डोकं हलक्या हाताने पसरवावं, त्यापलीकडे काही नाही.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी हाताने करून बघाव्यात. जबड्यांच्या दोन टोकांना कागदाचे दोन कपटे ठेवून हलकेच आवळा आणि दोन्ही ओढा. एक सुटला आणि दुसरा अडकला तर जबडे समांतर नाहीत. मग व्हाइस 100 मिमी उघडून सरकता जबडा वर उचलून बघा. किंचित खेळ सगळ्यांत असतो, पण सूतभर उचलला गेला तर आवळताना पातंही तेवढंच तिरकं होईल. शेवटी हँडल उलटसुलट फिरवा. जबडा हलण्याआधी अर्ध्या फेऱ्याहून जास्त रिकामं फिरत असेल तर आटे झिजलेले आहेत. जुन्या व्हाइसवर ताजा रंग दिसला की स्थिर जबड्याचं मूळ नीट तपासावं. बिडातला तडा आणि त्यावरचं वेल्डिंग रंगाखाली सहज लपतं. फिरत्या बुडाचा व्हाइस सोयीचा खरा, पण त्याचे लॉक कच्चे असतील तर कानशीच्या प्रत्येक फटक्याला तो कणभर वळतो. शंका असेल तर स्थिर बुडाचा घ्या.

बसवण्यात चूक झाली की चांगला व्हाइसही वाया जातो. सरळ उभं राहून कोपर वाकवलं की ते जबड्यांच्या वरच्या कडेच्या पातळीला यावं. बारीक कामाला पाच-सात सेंटिमीटर उंच चालतो. जास्त खाली असला तर पाठ धरते आणि कानस गोलाई काढू लागते. व्हाइस टेबलाच्या पायावरच बसवा, फळीच्या मध्यावर नको. स्थिर जबड्याचा चेहरा टेबलाच्या कडेच्या जरा पुढे यायला हवा, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. लाकडात पिळलेले स्क्रू काही दिवसांत ढिले होतात, त्यामुळे आरपार बोल्टच वापरा आणि खालून रुंद वॉशर किंवा लोखंडी पट्टी द्या.

खरी मेहनत जबड्यांच्या आवरणावर घ्यावी. दातेरी जबडे थेट पात्याला लागता कामा नयेत. 3 मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचे दोन तुकडे जबड्यांवर टोपीसारखे बसवले की कानसकामाची सोय झाली. पॉलिश झालेल्या पात्यासाठी मात्र वेगळी जोडी ठेवा, लाकडावर चामडं चिकटवलेली. कारण कानसकामात ॲल्युमिनियममध्ये पोलादाचे कण रुततात आणि पुढच्या वेळी तेच कण चकचकीत पात्यावर ओरखडा काढतात. पुसून ते जात नाहीत.

दुसरी अडचण निमुळतेपणाची. जबडे समांतर, पातं पाचरीसारखं. त्यामुळे पकड फक्त कण्याच्या बाजूला बसते आणि धारेची बाजू मोकळी राहून डोलते. लोक मग हँडल आणखी आवळतात. त्यावर उपाय म्हणजे 4-5 मिमी जाडीचं चामडं, किंवा पात्याच्या उताराला जुळेल अशी रंधलेली लाकडी पाचर. टँग जबड्यांच्या एकाच टोकाला धरायची असेल तर दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवा, नाहीतर सरकता जबडा कायमचा वाकडा होतो. हँडलला पाइप लावून कधीही आवळू नये.

पेपर मारताना पातं जबड्यात धरण्यापेक्षा जाड लाकडी पट्टी व्हाइसमध्ये आडवी पकडून पातं तिच्यावर सपाट बांधणं बरं. टोक पट्टीच्या बाहेर येऊ देऊ नका. हात घसरला की ते तळव्यात घुसतं. मुठीला आकार देण्यासाठी स्वतःभोवती फिरणारा, चाकूसाठीच बनवलेला व्हाइस मिळतो. पातं नीट गुंडाळून चाकू त्यात धरला की मूठ सर्व बाजूंनी घासता येते. पहिल्या दहा-बारा चाकूंपर्यंत त्याची गरज पडत नाही.

भट्टीत तापवून घडवणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना लेग व्हाइस हवा. त्याचा पाय जमिनीवर टेकलेला असतो, त्यामुळे घाव आट्यांवर न येता जमिनीत उतरतो. त्याचे जबडे बिजागरीवर उघडतात, म्हणून जाड वस्तू धरताना ते समांतर राहत नाहीत. कानसकामाला तो दुय्यमच. लाल पोलाद ॲल्युमिनियमच्या टोप्यांत धरू नये, ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं. शिवाय थंड जबडे पातळ पात्याची उष्णता झटकन शोषतात. उच्च कार्बनचं पोलाद तेवढ्याच जागी कडक होऊन पुढच्या वाकवण्यात तडकू शकतं.

पाणी दिल्यावर, म्हणजे तापलेलं पातं कडक करायला झटकन थंड केल्यावर (तेलात दिलं तरी शब्द तोच) ते वाकलं तर थंड असताना दाबू नका, काचेसारखं मोडेल. साधारण 200 अंशांवर टेंपर करून (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवून), गरम असतानाच जाड हातमोज्यांनी व्हाइसमध्ये तीन पितळी दांड्यांमध्ये धरा: बाकाच्या फुगीर बाजूला मधोमध एक, पोकळ बाजूला टोकांकडे दोन. वाकाच्या किंचित पलीकडे जाईल इतकंच हळूहळू आवळा आणि तसंच थंड होऊ द्या. सोडल्यावर ते थोडं परत फिरतं, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात.