चॉकलेट स्टाउट: २० लिटरची ट्रायल बॅच, मराठवाड्याच्या पाण्यात

चॉकलेट बिअर म्हणजे चॉकलेटचा बार वितळवून बिअरमध्ये ओतायचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं केलं की वर तुपकट तवंग येतो, फेस बसतो आणि पुढे खवट वास लागतो. स्टाउट म्हणजे काळी, गडद बिअर. तिची निम्म्याहून जास्त चव भाजक्या मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) असते. कोकोचं काम वासाचं.

एक गोष्ट आधीच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. त्यामुळे पुढची कृती परवानाधारक मायक्रोब्रुअरीतल्या ट्रायल बॅचसाठी आहे. ज्यांना फक्त प्यायची आहे त्यांनी सरळ शेवटाकडे जावं.

साडेचार किलो पेल मॉल्ट, ४०० ग्रॅम कॅरॅमल मॉल्ट, ३५० ग्रॅम चॉकलेट मॉल्ट, १५० ग्रॅम भाजकं बार्ली (मोड न आणलेलं) आणि ४०० ग्रॅम ओट्स. चॉकलेट मॉल्टमध्ये चॉकलेट नसतं. ते गडद भाजलेलं मॉल्टच, पण कोकोच्या जवळची चव तेच देतं. भाजकं बार्ली २०० ग्रॅमच्या वर नेऊ नका, जळक्या कॉफीसारखं लागतं.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. लागर (फिकी, हलकी बिअर) बनवणाऱ्याला ते नकोसं होतं, पण स्टाउटला उलट उपयोगी पडतं: काळ्या मॉल्टचा आंबटपणा पाण्यातले क्षार सावरून घेतात. निव्वळ आरओचं पाणी वापरलं तर मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरड धान्य) जास्त आंबट होऊन बिअर तुरट लागते. निम्मं बोअर, निम्मं आरओ असं मिसळून सुरुवात करा आणि मॅशचा पीएच ५.३ ते ५.५ मध्ये आहे का ते मीटरने बघा. नळाचं पाणी असेल तर कार्बन फिल्टरमधून काढा. क्लोरिन राहिला की बिअरला दवाखान्याचा वास येतो.

मॅशला साडेसतरा लिटर पाणी. परदेशी पुस्तकं धान्य २० अंशाचं धरून पाणी ७३ च्या पुढे तापवायला सांगतात. इथे मे महिन्यात मॉल्टचं पोतंच ३५ अंशाला असतं, म्हणून ७१ पुरे. मॅश ६७ वर तासभर ठेवा. दोन अंश वर गेलं तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर जाड, गोडमिट्ट होते. मग ७६-७७ अंशाच्या १३-१४ लिटर पाण्याने धान्य धुवून साधारण २५ लिटर वॉर्ट (मॉल्टचा गोड रस) काढा. तासभर उकळा. उकळी फुटली की ९ ते १० टक्के अल्फा आम्लाचे (कडूपणा त्याचाच) ३० ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडू करणारी फुलं, टाका. गोडसर हवी असेल तर शेवटच्या १० मिनिटांत २५० ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर). ते यीस्टला खाता येत नाही, म्हणून टिकतं. मात्र दूध न पचणाऱ्या गिऱ्हाइकाला तसं आधी सांगा.

आता खरी अडचण, थंड करणं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी कॉइलमधून कितीही सोडलं तरी वॉर्ट ३५ च्या खाली येत नाही. तिथपर्यंत टाकीच्या पाण्याने आणा, मग पंपाने बर्फाचं पाणी फिरवा. १८ अंशाला आला की हलवून हवा खेळवा आणि एल यीस्टचं साडेअकरा ग्रॅमचं पाकीट टाका. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०५८ च्या आसपास यावी, लॅक्टोज घातलं तर थोडी जास्त. आंबवण १८ ते २० अंशातच, थर्मोस्टॅट लावलेल्या डीप फ्रीजरमध्ये. २५ च्या वर गेली की जड अल्कोहोल तयार होतात, घशाला झोंबतात.

ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस हलली नाही, की मगच कोको. लॅक्टोजशिवाय ती १.०१६ च्या जवळ थांबते. १५० ग्रॅम कोको निब्स (कोकोच्या बियांचे तुकडे) कढईत मंद आचेवर परता. सालीचा कच्चा वास जाऊन बेकरीचा वास सुटला की लगेच उतरवा. धूर दिसला तर तो घाणा टाकूनच द्या. गार झाल्यावर बुडतील एवढ्या व्होडकात चार दिवस ठेवा, मग उकळलेल्या मलमलच्या पिशवीत बांधून व्होडकासकट बिअरमध्ये सोडा. निब्समध्येही निम्मं तूपच (कोको बटर) असतं, पण गार बिअरमध्ये ते फारसं सुटत नाही. तिसऱ्या दिवसापासून रोज चाखा. पाच-सात दिवसांत काढा. पुढे वास वाढत नाही, तुरटपणा वाढतो. कोको पावडर चालते, पण तिचा गाळ तळाशी बसतो आणि त्यात बरीच बिअर वाया जाते.

बाटलीत भरणार असाल तर २० लिटरला १०५ ग्रॅम साखर पाण्यात उकळून घाला. आंबवण अर्धवट असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि उन्हाळ्यात लवकर.

पिताना फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा. ४ अंशाला कोको गप्पच असतो; १०-१२ ला वास मोकळा होतो. घरात कितीही चांगले कानवाले मग असले तरी तोंड रुंद असलेला ग्लास घ्या. सोबत कुंथलगिरीचा पेढा छान जमतो, खव्याची भाजकी चव मॉल्टला धरते. नान-खलियाही चालतो. शेंगदाण्याची तिखट चटणी घेतली तर बिअर जास्त कडू लागते, तेव्हा लॅक्टोजवाली निवडा.

मॅशचा चोथा म्हशींना त्याच दिवशी घाला, उन्हात तो लगेच आंबतो. निब्स आणि हॉप्सचा गाळ मात्र त्यात मिसळू नका. दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत आणि कोको गुरांनाही बाधतो.