बायको गेल्यावर घर कसं चालवायचं, मला जमलं तसं सांगतो

माझी बायको जाऊन अडीच वर्षं झाली. मी साताऱ्यात एकटाच राहतो, मुलगा पुण्याला, मुलगी बेळगावला दिलीय. परवा जुन्या ऑफिसातल्या मित्राची बायको गेली, तेराव्याला त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, अरे तू जेवणाचं काय करतोस? एवढंच विचारायला त्याला तेरा दिवस लागले. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

सगळ्यात आधी कागद, कारण त्याला मुदत असते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला लागते. हॉस्पिटलमध्ये गेली असेल तर तेच नगरपालिकेला कळवतात, पण फॉर्मवर नाव आधारकार्डावर आहे अगदी तसंच लिहिलंय ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं हे मला माहितीय, भावाला नाहीतर जावयाला बघायला सांगा पण बघा. आपल्याकडे बायकांची दोन नावं असतात, माहेरचं आणि सासरचं. माझ्या बायकोचं एक जुनं पासबुक माहेरच्या नावावर होतं आणि ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे पटवायला मला लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र असं सगळं करत चार महिने त्या बँकेत खेटे घालावे लागले. मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा.

बँकेचं म्हणाल तर तिचं एटीएम कार्ड आणि पिन तुमच्याकडे असला तरी त्यातून पैसे काढू नका. नॉमिनी म्हणून रीतसर क्लेम करा, कागद पूर्ण असले तर बँकेने १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. आणि तिचा मोबाईल नंबर लगेच बंद करू नका! गॅस तिच्या नावावर, लाईटबिलाचा मेसेज तिच्या नंबरवर, सोसायटीच्या ग्रुपवरही तीच होती. रिचार्ज नाही केलं, ९० दिवस वापर नाही झाला तर नंबर जाऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. आधी गॅस, लाईट, बँक सगळीकडे आपला नंबर घाला मग काय ते ठरवा. पेन्शन असेल तर तुमच्या मागे फॅमिली पेन्शनला तिचंच नाव लागलेलं असणार, तिथेही कळवा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मला आठवण करून द्यायला तीच होती, आता कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवतो.

हे झालं कागदांचं. खरी अडचण वेगळीच आहे, आपलं घर कुठे लिहिलेलं नसतं हो, ते तिच्या डोक्यात असतं. दूधवाल्याचा हिशोब, गिरणी कुठल्या वारी बंद, टाकी कधी धुतली, भाचीच्या लग्नात आहेर किती केला, माझी बीपीची गोळी कुठली सकाळची कुठली रात्रीची. चाळीस वर्षं मी या घरात राहिलो आणि हिंग कुठे असतो ते मला माहीत नव्हतं. म्हणून एक दोनशे पानी वही करा. शेजारच्या काकू, तिची बहीण, मुलगी, ज्यांना ज्यांना ती काही बोलली असेल त्यांना विचारून लिहून काढा. माझी मेहुणी फोनवर दोन तास बोलली त्या दिवशी, अर्धा वेळ आम्ही रडत होतो पण सात पानं भरली.

आता जेवण. डबा लावा असं सगळे सांगतील, लावा, पण एकच वेळचा. दुसऱ्या वेळी स्वतः काहीतरी करा, नाहीतर स्वयंपाकघर थंड पडतं आणि ते थंड घर सहन होत नाही. सुरुवात वरणभातापासून. एका माणसाला अर्धी वाटी तांदूळ, दुप्पट पाणी. पाव वाटी तूरडाळ, त्यातही पाणी, हळद हिंग. दोन्ही भांडी कुकरात आणि कुकरच्या तळाला पाणी घालायला विसरू नका, मी पहिल्या दिवशी विसरलो, शिट्टीची वाट बघत बसलो आणि करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. तीन-चार शिट्ट्या, मग कुकर आपोआप उतरू द्या. आमटी करायची तर तेल नीट तापू द्या, मोहरी पूर्ण तडतडल्यावरच जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता. मग घोटलेली डाळ, पाणी, मीठ, चमचाभर गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. गूळ सुपारीएवढा हे तिचंच माप. ती मोजायला जी वाटी वापरायची तिच्या काठाला पोचा आहे, मी अजून त्याच वाटीने मोजतो, दुसऱ्या वाटीने केलं की चुकतं. ताट वाढून घेऊन टेबलावरच बसा, टीव्हीसमोर कढईतून खाऊ नका.

संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ सगळ्यात वाईट. त्या वेळेला घरात थांबू नका. मी दिवा लावतो आणि चार भिंतीच्या टेकडीकडून चालत राजवाड्यापर्यंत येतो, तिथे बाकावर आमच्यासारखे चार-पाच जण असतात, फार बोलत नाही कुणी, तरी बरं वाटतं.

तिचं कपाट कुणालाही घाईने रिकामं करू देऊ नका. तेराव्याच्या आत पाहुणे साड्या वाटायला निघतात, प्रेमानेच करतात, पण तुम्ही नाही म्हणा. मी आठ महिने हात लावला नाही. मग मुलगी आली, दागिन्यांची यादी करून दोघा मुलांसमोर बोललो, चांगल्या साड्या तिने आणि सुनेने घेतल्या आणि सहा सुती साड्यांच्या वाईच्या एका बाईंकडून दोन गोधड्या शिवून घेतल्या. त्यातली एक माझ्या अंगावर असते.

लोक म्हणतील सवाष्ण गेली, भाग्याची. मला ते ऐकवत नाही. कसलं भाग्य, तिला अजून जगायचं होतं, नातीची मुंज करायची का असं ती चेष्टेने विचारायची. पण पितृपक्षात अविधवा नवमी मात्र मी करतो, भाद्रपद वद्य नवमीला, एका सवाष्णीला जेवायला बोलावून ओटी भरतो. ओटी दुसऱ्या बाईकडून भरवून घ्या, शेजारच्या काकू येतात. खीर मी स्वतः करतो.

आणि एक, लोणचं. तिच्या हातचं कैरीचं लोणचं बरणीत शिल्लक असेल तर ते आधी सांभाळा. कोरडाच चमचा घाला, बरणी ओट्याजवळच्या वाफेत ठेवू नका, कामवाल्या मावशींनाही सांगून ठेवा. मी तीन छोट्या काचेच्या बाटल्या उन्हात वाळवून त्यात वाटणी केली, एक मुलाला, एक मुलीला, एक मला. फोडींच्या वर बोटभर तेल राहिलं पाहिजे. कमी झालं तर तेल कडकडीत तापवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच वरून ओता. माझ्या बाटलीत अजून अकरा फोडी आहेत.