पोह्यावरच्या जीरावनासारखी हळद भुरभुरू नका : माशांच्या खाद्यात वनौषधी घालताना या चुका टाळा

इंदूरच्या सियागंज बाजारात मी पहिल्यांदा दोन किलो हळद, दोन किलो मेथी आणि किलोभर कलौंजी एकदम मागितली, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "अचार डालना है क्या, भाईसाब?" माशांसाठी हवंय म्हटल्यावर त्याने हातातलं माप तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. पुढचं वर्षभर चुकत राहिलो तो मीच, कारण मीसुद्धा त्या सामानाकडे मसाला म्हणूनच बघत होतो.

आमचं तळं खंडवा रस्त्याला, सिमरोळच्या पुढे आतल्या बाजूला आहे. आत्येभावाशी भागी. आम्ही दोघं इंदूरच्या रामबागेत वाढलेले, घराण्यात कुणी कधी गळही टाकलेला नाही. त्यामुळे तळ्यात काही बिनसलं की आम्हाला आधी आजीचा बटवा आठवायचा. माणसाला सर्दीत लसूण-हळद चालते, मग रोहू माशाला का नाही? प्रश्न तसा खुळा नाही. लसूण, हळद, मेथी, आलं, तुळस, गुळवेल, अश्वगंधा, शेवग्याचा पाला या सगळ्यांवर माशांमध्ये प्रयोग झालेले आहेत आणि भूक, वाढ, रोगप्रतिकार यांत फायदा दिसल्याचे निष्कर्षही आहेत. पण त्या प्रयोगांत मात्रा ग्रॅममध्ये मोजलेली असते, खाद्य तयार करण्याची रीत ठरलेली असते आणि पाणी स्वच्छ असतं. आमच्याकडे या तिन्हींची बोंब होती.

आजारी माशाला खाद्यातून औषध

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून आधी हीच सांगतो.

पहिल्या डिसेंबरात मृगळ माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले. आठवड्यात त्यांच्या जखमा झाल्या. आम्ही लसणाची मात्रा दुप्पट केली, मग तिप्पट. जखमा वाढतच गेल्या. तिसऱ्या आठवड्यात एका जाणत्या मच्छीमार काकांनी काठावर बसून एवढंच विचारलं, "जो बीमार है, वो खा रहा है क्या?" नव्हताच खात. आजारी माशाचं पहिलं लक्षणच भूक मरणं. म्हणजे आमचा लसूण धडधाकट मासे खात होते आणि ज्यांना गरज होती ते काठाला तोंड लावून पडले होते.

खाद्यातली वनौषधी ही आजार येण्याआधीची तयारी आहे. थंडीच्या तोंडावर, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडल्यावर, जाळं ओढून मासे हाताळल्यावर किंवा वाहतुकीच्या आधी दोन-तीन आठवडे ती दिली तर काही अर्थ. अंगावर जखमा दिसल्यावर काम पाण्यात करायचं असतं. थंडीतल्या अशा जखमांमागे बहुधा ऍफॅनोमायसेस नावाची बुरशीसारखी जात असते. हा रोग भारतात १९८८ पासून माहीत आहे आणि पाणी गार व्हायला लागलं की डोकं वर काढतो. त्यावर चुना आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने काढलेलं सिफॅक्स हे औषध वापरतात. सिफॅक्सची मात्रा १ हेक्टर, १ मीटर खोल पाण्याला १ लिटर. तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

असाच दुसरा गैरसमज पहाटेचा. सूर्य उगवायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की लोक म्हणतात, "अशक्तपणा आलाय, अश्वगंधा द्या." ती अशक्तता नसते, श्वास कोंडलेला असतो. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. दोन-तीन दिवस आभाळ राहिलं तर पहाटे साठा संपतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. तो घसरला की एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा, ताजं पाणी सोडा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. खाद्य टाकलं तर तेच कुजून उरलासुरला प्राणवायू खातं, मग त्यात अश्वगंधा असो की केशर.

मूठ हे माप नव्हे

इंदुरी माणूस पोह्यावर जीरावन (तिथला भुरभुरायचा मसाला) टाकतो ते हाताच्या अंदाजाने, आणि तो अंदाज सहसा चुकत नाही. तळ्यावर मात्र तो हमखास चुकतो. हळद, लसूण, मेथी यांच्या कोरड्या भुकटीची प्रयोगांतली मात्रा साधारणपणे खाद्याच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे किलोला ५ ते १० ग्रॅम.

हिशेब करून बघा. तळ्यात १,००० मासे, सरासरी वजन २०० ग्रॅम, म्हणजे एकूण २०० किलो. रोजचं खाद्य वजनाच्या २ टक्के धरलं तर ४ किलो. किलोला ५ ग्रॅमप्रमाणे भुकटी लागते २० ग्रॅम. आत्येभाऊ दोन मुठी टाकायचा. काट्यावर ठेवल्या तेव्हा ९० ग्रॅम भरल्या.

ओला लसूण आणि लसणाची भुकटी यांचंही असंच. ओल्या लसणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. भुकटीचं १० ग्रॅमचं माप ओल्याला लावलं तर मात्रा फारच कमी पडते. उलट ओल्याचं माप भुकटीला लावलं तर मासे खाद्याची गोळी तोंडात घेऊन थुंकतात. मासा गोळी थुंकताना दिसला तर भूक नाही असं समजू नका, आधी मात्रा निम्मी करा. तीन-चार दिवस साधं खाद्य देऊन पुन्हा थोड्यापासून सुरू करा. कडू-तिखटाची जीभ माशालाही असते.

काढा, ऊन आणि तळ्याचं पिवळं पाणी

लसूण आम्ही उकळायचो. काढ्याची सवय! पण लसणातलं कामाचं द्रव्य, ऍलिसिन, अख्ख्या पाकळीत तयार नसतंच. पाकळी ठेचली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि मग ते बनतं. आधीच उकळलं तर विकर मरतं. राहतो तो लसणाच्या वासाचा चोथा. म्हणून लसूण आधी ठेचा, दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि मग थंड खाद्याला चोळा. तयार खाद्य एक-दोन दिवसांत संपवा, कारण ऍलिसिन टिकाऊ नाही. ही दहा मिनिटं फुकटची आहेत, पण घाईत तीच गाळली जातात.

हळदीची गोष्ट वेगळी. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. आम्ही हळद पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडायचो, आणि टाकलेल्या जागी तळ्याचं पाणी पिवळं दिसायचं. ते पिवळं पाणी म्हणजे सियागंजात मोजलेले पैसे. आता हळद आधी सोयाबीनच्या तेलात कालवतो. किलोभर खाद्याला २० ते ३० मिली तेल पुरतं. ते गोळ्यांवर हलक्या हाताने चोळतो, अर्धा-पाऊण तास मुरू देतो आणि सावलीत पसरतो. उन्हात कधीच नाही. कर्क्युमिन प्रकाशात विटतं. माळव्याच्या एप्रिलमधल्या दुपारी तर पत्र्यावर पसरलेल्या खाद्यातलं तेलही खवट होतं.

एवढं करूनही भुकटी सुटत असेल तर वरून पातळ लेप द्या. मैद्याची किंवा स्टार्चची खळ चालते. मला मेथीच आवडते. मेथीदाणे रात्रभर भिजवून वाटले की बुळबुळीत लगदा होतो, कारण तिच्यात गोंदासारखा पदार्थ असतो. औषधही तीच, चिकटवणारी खळही तीच. परीक्षा सोपी आहे: काचेच्या पेल्यात तळ्याचं पाणी घ्या, चार गोळ्या टाका, दहा मिनिटं थांबा. पाणी रंगलं तर लेप जमलेला नाही, ती खेप तळ्यात टाकू नका. आमच्या पहिल्या तीन खेपा या पेल्यातच नापास झाल्या.

तरंगतं खाद्य देत असाल तर लेप फार जाड करू नका, गोळी जड होऊन बुडते. पंगासियस जातीचा मासा वरचं खाद्य शोधत बसतो आणि तुमची मेथी चिखलात जाते.

कडुनिंब आणि मोह : इथे हात आखडता घ्या

वनस्पती आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्याकडे फार खोल आहे. कडुनिंबातलं ऍझाडिरॅक्टिन किड्यांना खाण्यापासून परावृत्त करतं. माशालाही ती चव नको असते. पाला किंवा तेल पाण्यात जास्त झालं तर कल्ल्यांना इजा होते. अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय मी त्याच्या वाटेला जात नाही.

मोहाची पेंड त्याहून घातक. आदिवासी पट्ट्यात ती स्वस्त मिळते, आणि पेंड म्हटलं की माणसाला शेंगदाण्याची पेंड आठवते. पण मोहाच्या पेंडीतलं सॅपोनिन माशांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं. मत्स्यबीज (माशांची पिल्लं) सोडण्याआधी नको असलेले मासे मारण्यासाठीच ती वापरतात: १ हेक्टर, १ मीटर खोल पाण्याला २,००० ते २,५०० किलो. त्यानंतर दोन-तीन आठवडे तळ्यात बीज सोडत नाहीत. हे खाद्य नव्हे.

वाढ थांबली की वनौषधीवर खापर

"इतकी मेथी घातली, तरी मासा तेवढाच" ही तक्रार जानेवारीत हमखास ऐकू येते. आधी पाण्यात तापमापक बुडवा. पाणी १८ अंशांच्या खाली गेलं की रोहू, कटला, मृगळ यांसारखे कार्प मासे खाणं कमी करतात, पंगासियसला तर गारठा मुळीच सोसत नाही. अशा वेळी खाद्याचं माप कमी करा. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो आणि मग खरोखरचं दुखणं येतं.

दुसरा संशयित म्हणजे कच्चं सोयाबीन. आपण सोयाबीनच्या मुलखात राहतो, घरचं पीक असतं, भरडलं आणि घातलं. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मोडतो. न भाजलेलं सोयाबीन खाऊन मासा वाढत नाही आणि बोलणी खाते मेथी.

तिसरं, कटला. तो वरच्या थरातले सूक्ष्मजीव गाळून खाणारा गडी, तुमच्या गोळ्यांवर विसंबून नसतो. रोहू-मृगळांवर फरक दिसला आणि कटल्यावर नाही, तर त्यात नवल नाही.

ओल

जुलै ते सप्टेंबर पोतं जमिनीवर ठेवू नका, भिंतीला टेकवू नका. खाली लाकडी फळ्या हव्यात. बुरशी लागलेल्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन माशाचं यकृत बिघडवतं आणि ते भाजून जात नाही. भुकटीचंही तेच. कुबट वास आला की फेका. इथे काटकसर नको.

बारा महिने तेच

प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या वनस्पती सतत दिल्या तर त्यांचा परिणाम बोथट होतो. आम्ही तीन आठवडे देतो, तीन आठवडे थांबतो. एकाच वेळी पाच गोष्टी घालणंही सोडलं. काय लागू पडलं तेच कळत नव्हतं.

कळण्यासाठी दोन हापे लावा. त्याच तळ्यात, पाण्यात सारख्याच खोलवर, बारीक जाळीचे दोन पिंजरे. प्रत्येकात ५० सारख्या आकाराचे मासे. खाद्य तेच आणि तेवढंच, फक्त एकात वनौषधी. दर १५ दिवसांनी सकाळी उपाशीपोटी वजन करा. ६० किलो खाद्य खाऊन मासे एकूण ४० किलोने वाढले, तर किलोमागे दीड किलो खाद्य लागलं. हा आकडा ज्या हाप्यात कमी तो सरस. जमलं तर दोनाचे चार हापे करा, कारण एका जोडीत योगायोगही असतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या मेथीच्या हाप्यात काट्यावर फरक दिसला नाही. पावसाळ्यानंतर, पाणी उबदार असताना लसणाच्या हाप्यात दिसला. म्हणून हिवाळ्यात मेथी बंद.

तयार डबे

शंभर टक्के आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर घटकांची नावं आणि प्रमाण नसेल तर घेऊ नका. दोन दिवसांत जखमा भरतील असं कुणी छातीठोक सांगत असेल तर जास्तच सावध व्हा. पाल्यामुळांचा गुण इतका झटपट येत नाही आणि आत भलतंच काही असू शकतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं मत्स्यपालनात वापरायला आपल्याकडे बंदी आहे. माशात त्यांचा अंश सापडला तर उत्तर विकणाऱ्याला नाही, तुम्हाला द्यावं लागतं. शंका असेल तर नर्मदापुरमजवळ पवारखेड्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचं केंद्र आहे, किंवा जिल्ह्याच्या मत्स्य विभागात विचारा. खरेदी करताना बॅच क्रमांक, तारीख आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला कुरकूर झाली तर डबा तिथेच ठेवून या.