शॉवरची काच बसवताना या चुका टाळा

शॉवरच्या काचेचे बहुतेक दोष काच घरी येण्याआधीच ठरून गेलेले असतात. टाइल लागण्यापूर्वी घेतलेले किंवा थेट नकाशावरून उचललेले माप ही त्यातली सगळ्यात महाग चूक. टफन्ड काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच, एकदा भट्टीतून बाहेर पडली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केला तर पूर्ण काचेचा चुरा होतो. म्हणून टाइल, ग्राउट आणि उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी हे सगळे पुरे झाल्यावरच माप घ्या. रुंदी खाली, मध्ये आणि वर मोजा, उंची दोन्ही टोकांना. भिंतीला ओळंबा लावा. दोन मीटर उंचीत 5-6 मिमीचा कल यू-चॅनेलमध्ये, म्हणजे काचेची कड धरणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्टीत, सामावतो. त्याहून बराच जास्त असेल तर स्थिर पॅनेल भिंतीच्या कलाप्रमाणे कापूनच टफन करायला सांगा.

ढाळ

आपल्याकडे अनेक बाथरूममध्ये एकच नहाणी ट्रॅप (पाणी वाहून नेणारे फरशीतले जाळीचे तोंड) असतो आणि तो नेमका काचेच्या बाहेर, कमोडजवळ येतो. मग शॉवरचे सगळे पाणी दाराकडे वाहते आणि कितीही भारी रबर लावले तरी ते थांबत नाही. ट्रॅप काचेच्या आतच हवा, आणि त्याच्याकडे मीटरमागे 10 ते 15 मिमी ढाळ. माप घेण्याआधी जिथे दार येणार तिथे एक बादली पाणी ओता. पाणी आत वळले तर ठीक. बाहेर धावले किंवा पट्टीवर साचून राहिले तर आधी फरशीचे काम दुरुस्त करून घ्या, काचेची ऑर्डर नंतर. उंबऱ्याची पट्टीही सपाट नको, तिला आतल्या बाजूला 2-3 मिमी उतार द्या.

वजन आणि भिंत

8 मिमी काचेचे वजन चौरस मीटरला 20 किलो, 10 मिमीचे 25 किलो. म्हणजे 700 मिमी रुंद आणि 2 मीटर उंच दार 28 किंवा 35 किलोचे झाले. बिजागऱ्यांची जोडी तेवढा भार पेलते का, हे विकत घेतानाच विचारा. भिंत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची असेल तर साध्या प्लास्टिक प्लगवर विसंबू नका, केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा. प्लास्टरआधी पाइपांचे मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवले असतील तर ड्रिल पाइपात जाणार नाही. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत 304 पेक्षा 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील जास्त टिकते.

दार बाहेर उघडलेच पाहिजे, यात तडजोड नको. आत कुणी घसरून पडले तर आत उघडणारे दार त्याच माणसाला अडते.

बसवताना काचेची उघडी कड टाइलवर टेकवू नये, खाली लाकूड किंवा रबर हवे. टफन्ड काच मधोमध दणकट असते, कडेला आणि कोपऱ्यात नाजूक. क्लॅम्प आणि काचेमध्ये गॅस्केट (मऊ रबरी पट्टी) हवेच. काचेच्या कोपऱ्यात आयएस 2553 चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा, कायमचा शिक्का आहे का, तेही पाहा.

सिलिकॉन न्यूट्रल आणि बुरशीरोधक घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला आणि संगमरवराला खाते. यू-चॅनेलला न्यूट्रल सिलिकॉन फक्त बाहेरून भरा. दोन्ही बाजूंनी बंद केले तर आत शिरलेले पाणी अडकते आणि काळी बुरशी धरते. त्यानंतर 24 तास शॉवर बंद.

नंतर तक्रार आली तर

दाराखालून पाणी येत असेल तर आधी शॉवरची धार दारावर पडते का ते पाहा. मग दाराखालच्या सीलची (रबरी पट्टीची) जीभ आत वळलेली आहे ना, तपासा. कडक झालेले सील बदलायचेच.

दार घासत असेल तर बिजागरीचा स्क्रू सैल झालेला असतो. एकाने खाली लाकडी पाचर घालून दार उचलून धरावे, दुसऱ्याने स्क्रू आवळावा.

पांढरे डाग बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे. अंघोळीनंतर लगेच वायपर फिरवला तर ते धरत नाहीत. धरलेच तर निम्मे व्हिनेगर, निम्मे पाणी लावून पाचेक मिनिटांनी धुवा. संगमरवरावर आणि बिजागऱ्यांवर ते सांडू देऊ नका. टॉयलेटचे अ‍ॅसिड आणि तारेची घासणी काचेजवळ नकोच.

कडेला टवका उडालेला दिसला तर दार वापरणे त्याच दिवशी थांबवा. तो बुजवता येत नाही, काच बदलावीच लागते.